उणे तीसची सोय

...आणि वर मलाच विचारतात, ऊन कमी आहे का! अहो, कमी? गच्चीवर चप्पल विसरली तर संध्याकाळी खरवडून काढावी लागते इथे!

तुम्हाला सांगते, सहा वर्षं परदेशात सौरऊर्जा शिकले. तिथेच नोकरी देत होते, नको म्हटलं, सूर्य तर आपल्याकडे आहे! आले, आणि पहिलं काम घेतलं आत्याचं. आत्या नर्स. दोन खोल्यांचा दवाखाना, लशींचा एक फ्रिज, आणि वीज दुपारी जाते ती संध्याकाळीच उगवते. गुरुवारी चाळीस बाळांना टोचायचं होतं. म्हटलं, आत्या, तू निर्धास्त राहा. आणि राहिली हो ती! तिथेच फसली.

दोन पॅनेल, चोवीस व्होल्टची बॅटरी, मधे बॅटरीत किती जायचं ते सांभाळणारा चार्ज कंट्रोलर. सोमवारी सकाळी हिरवा दिवा लागला, मी छोटंसं भाषण केलं... हो, केलं! आणि दुपारी बाराला बॅटरीत जातंय किती? शून्य! सकाळी आठला थोडं, दहाला त्याहून कमी, आणि सूर्य डोक्यावर आला की कारभार बंद, जशी काही जेवणाची सुट्टी!

आत्या जिन्यातून ओरडते, “अगं, ऊन कमी आहे का?” समोरचा शिंपी मान वर करून, “ऊनच कमी पडत असणार, ताई.” अहो, तुमचं टक्कल तापलंय, त्याला विचारा ना!

कारण मला तोंडपाठ आहे हो. पॅनेल तापलं की त्याचं व्होल्टेज पडतं. अठ्ठावीसचं तेवीस होतं. आता तेवीसवाला चोवीसच्या बॅटरीत काय ढकलणार, कपाळ? या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी होते! पण आठवलं कधी? मंगळवारी, झारीनं पॅनेलवर पाणी मारताना! पाणी मारलं की मीटरचा काटा उठतो, वाळलं की झोपतो. आणि खाली फ्रिज सात अंशांवर. आठच्या वर गेला की लशी फेकायच्या. आत्याचं ओरडणंही बंद झालं होतं, आणि तुम्हाला सांगते, ते जास्त वाईट.

शेवटी तिनं वायरमनकाकांना बोलावलं. ते गच्चीवर आले, तारा बघितल्या. “ताई, पॅनेलं समांतर का जोडलीत? एकामागे एक जोडा, व्होल्टेज दुप्पट होईल.”

मी उसळले. “काका, थंडीत व्होल्टेज वाढतं! कंट्रोलर सोसतो पंच्याहत्तर व्होल्ट. एकामागे एक जोडली, तर उणे तीसला सत्त्याहत्तर होतील, जळून जाईल तो!”

“उणे तीस काय?”

“अंश! तापमान!”

काकांनी आत्याकडे पाहिलं, आत्यानं माझ्याकडे. तिघांच्याही हनुवटीवरून घाम टपकतोय.

“कुठं?” काका म्हणाले.

काय सांगू? तिथे प्रत्येक आराखड्याची पहिली ओळ ही, उणे तीस धरून चला. हात आपोआप लिहून गेला. बर्फासाठी जागा सोडली होती हो मी! इथे! जिथे थंडी म्हणजे पंखा पाचवरून तीनवर!

मुकाट्यानं इथली सगळ्यात गार पहाट धरून पुन्हा गणित मांडलं. अडुसष्ट. खुशाल जोडा. बुधवारी काकांनी पॅनेलांवर चादरी टाकून अर्ध्या तासात तारा बदलल्या, आणि भर बाराला काटा असा चढला म्हणता! फ्रिज चारवर आला, नि आत्याला आवाज फुटला.

गुरुवारी चाळीसच्या चाळीस बाळं रडली. इतकं गोड रडणं मी ऐकलं नव्हतं. एका आजींनी फ्रिजकडे बोट दाखवलं. “उन्हावर चालतो? कुणी केलं?”

“आमच्या वायरमननं,” आत्या म्हणाली.

मी खाकरले.

“आणि ही माझी भाची. खूप शिकलीय हो,” आत्या सुई भरत म्हणाली, “फक्त हिला अजून उन्हाची सवय नाही.”

आणि तुम्हाला सांगते, एक अक्षरही खोटं बोलली नाही हो ती.