सहा सॅडल एका ओळीत

…नाही, पण मला सांगा, काय अडलं होतं माझं? पाच वर्षं ती गिटार कपाटावर पडून होती, ती मला काही म्हणत नव्हती, मी तिला काही म्हणत नव्हतो, सगळं कसं सुखात! आणि मी गेलो, स्टूल घेतलं, वर चढलो आणि काढली खाली. या गुडघ्यांनी! चाळीस वर्षं उकिडवं बसून लोकांच्या घरात फरशी बसवलीय हो, दुकानं म्हणू नका, दवाखाने म्हणू नका… तुम्ही आत्ता बसलात ना, तुमच्या पायाखालची ही… नाही, ही माझी नाही. माझी असती तर तो कोपरा असा पळाला नसता. बघा, बघा तो कोपरा! जाऊ दे.

तर गिटार. लेकीची. विजेवरची, म्हणजे नुसती वाजवली तर डास गुणगुणल्यासारखी आणि स्पीकरच्या खोक्याला जोडली की शेजारी दार ठोठावणार. लेक तेव्हा अठराची, आणि तिची ती सगळ्यात बारीक तार सारखी तुटायची, टण्ण! दर वेळी एकाच जागी. मला म्हणायची, "बाबा, सॅडल गंजलेत, तार कापतायत, बदलायला हवेत." सॅडल म्हणजे काय, तुम्हाला सांगतो, गिटारच्या पोटावर एक पट्टी असते, त्या पट्टीवर सहा लोखंडी तुकडे, नखाएवढे, एकेका तारेला एकेक, तार त्याच्यावर टेकते. आता मी दिवसभर पोती उचलून आलेला माणूस, मी काय म्हणणार? म्हणालो, "आहे त्यात वाजव." आणि एकदा तर म्हणालो, "बंद कर ती कटकट." एवढंच हो! तिने बंद केली. कायमची! एरवी पाण्याचा पेला आण म्हटलं तरी ऐकायची नाही ही मुलगी, आणि नेमकं तेवढंच ऐकलं. मग नोकरी लागली, दुसऱ्या गावी खोली घेतली, दर रविवारी फोन, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, सगळं विचारते, पण गिटारचं नाव नाही. आणि आमचं घर इतकं शांत झालं, इतकं शांत झालं की नळ ठिबकला तरी मी उठून बसतो.

परवा तिचा फोन आला, चार दिवस येतेय. झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला! म्हटलं, सॅडल बदलून ठेवू, एकदा तरी वाजवेल. काय अडलं होतं माझं?

दुकानात गेलो. तिथे एक शेंडीवाला, वय तिशी, आवाज मात्र पुजाऱ्यासारखा हळू. "काका, तारेपासून तारेपर्यंत अंतर मोजलंय का?" मला विचारतो! मला! मी खिशातून कागद काढला, अर्ध्या मिलीमीटरपर्यंत सगळं लिहिलेलं. त्याने तो दोनदा वाचला. म्हणाला, "मग हे घ्या, न गंजणारे, कडा गुळगुळीत, तार कापणार नाही. पण काका, जुने काढण्याआधी फोटो काढून ठेवा हं, प्रत्येकाची जागा वेगळी असते." मी म्हटलं, "बाळा, जागा मला शिकवू नकोस."

घरी आलो, टेबलावर चादर अंथरली, तारा काढल्या आणि बघतो तर काय… एक सॅडल पुढे, दुसरा मागे, तिसरा त्याच्याही मागे, चौथा पुन्हा पुढे! ओळ म्हणून काही नाहीच! अशी फरशी मी लावली असती तर मालकाने मला उचलून रस्त्यावर ठेवलं असतं. म्हटलं, कारखान्यात कुणीतरी झोपेत बसवलेत. मग काय, बायकोच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणला, काटकोन बघायचा माझा गुण्या लावला, एक डोळा मिटला आणि सहाच्या सहा नवे सॅडल एका ओळीत! बायको मागून म्हणते, "अहो, गिटार आहे ती, न्हाणीघर नाही!" मी लक्ष दिलं नाही. तारा चढवल्या, पुसली, सोफ्यावर ठेवली. काय ती ओळ! फोटो काढावा अशी.

लेक आली. बॅग दारात ठेवली आणि तिला ती दिसली. जवळ गेली, वाकली, त्या सॅडलवरून बोट फिरवलं. मांडीवर घेतली, खोक्याला जोडली, सूर लावले, मोकळ्या तारा छेडल्या. अहाहा! मी बायकोकडे बघितलं, म्हटलं, बघ! आणि लेकीचा हात तिकडे दांडीवर वरच्या सुरांकडे सरकला, आणि तुम्हाला सांगतो, सहा जावा एका ओट्यावर भांडाव्यात असा आवाज! शेजाऱ्यांचा कुत्रा रडला हो!

तिने मान खाली घातली. खांदे हलायला लागले. मी म्हटलं, संपलं, रडवलं पुन्हा पोरीला. तर ती हसत होती! डोळ्यांत पाणी येईस्तोवर! म्हणते, "बाबा, दोरा लावलात ना?"

आता काय लपवणार? म्हटलं, "ते कारखान्यातून वाकडे आले होते गं." तर म्हणाली, "कारखान्यातून नाही. मीच लावले होते तसे. सहाही तारा वेगळ्या जाडीच्या, जिला जेवढी लांबी लागते तेवढी द्यायची, मगच वर जाऊन सुरात लागतात. दोन आठवडे लागले होते मला." दोन आठवडे! पलीकडच्या खोलीत! आणि मी त्यालाच कटकट म्हणत होतो.

तिने स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात दिला. म्हणाली, "मी वाजवते, तुम्ही फिरवा." मग काय! "बाबा, अर्धा आटा मागे." टुंग. "अजून पाव." टुंग. "थोडं पुढे… बस!" चाळीस वर्षं ज्या हाताने लोकांचं वाकडं सरळ केलं, त्याच हाताने मी माझी ओळ मोडत होतो, एकेक सॅडल, आणि प्रत्येक सॅडल वाकडा झाला की सूर जागेवर! दुपार गेली त्यात. इतका वेळ आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलोय, असं कधी झालंच नव्हतं हो. मग ती वाजवत राहिली, दार उघडं टाकून, आणि मी तोंड भिंतीकडे करून ऐकलं. ती ओळ बघवत नव्हती म्हणून! …बरं, डोळेही पुसायचे होते.

चौथ्या दिवशी निघाली, तर पाठीवर गिटार. "बाबा, आता मस्त वाजतेय, घेऊन जाते." मी म्हणालो, "ने की, तुझीच आहे." दुसरं काय म्हणणार? मोडकी होती तोवर निदान माझ्या घरात होती, नीट केली आणि गेली निघून! सांगा, काय अडलं होतं माझं?

ते जुने सहा सॅडल मात्र माझ्याकडे राहिले. खिडकीत ठेवलेत, पुसून, छान ओळीत. आता रविवारी गोळ्यांचं विचारून झालं की ती फोन टेबलावर ठेवते आणि वाजवते, आणि मी खिडकीपाशी बसून ऐकतो. मागच्या रविवारी वाजवता वाजवता मधेच थांबली. म्हणाली, "बाबा, ते जुने सॅडल ओळीत लावलेत ना?"

…आता वाकडे ठेवलेत. बघवत नाहीत हो! पण ठेवलेत.