बदकीण आजीची चाल

लहान मुलांच्या ॲनिमेशन सिनेमाचं मध्यंतर झालं होतं. पाण्याच्या रांगेत माझ्यापुढे चाळिशीतले बहीणभाऊ. सिनेमातली बदकीण आजी त्या भावानेच ॲनिमेट केलीय, हे त्यांच्या बोलण्यातून कळलं.

“दादा, बदकीण आजी चालते ती चाल कुणाची आहे?”

“अगं, चाल बसवताना आम्ही कुणाचा तरी व्हिडिओ समोर ठेवतोच.”

“कुणाचा ठेवलास ते विचारतेय.”

“आईचा.”

“ती पडली त्यानंतरचा. डावा पाय ओढते तो. मला म्हणालास, डॉक्टरांना दाखवायला काढतोय.”

“त्यांना दाखवलाच ना. आणि सिनेमा कशावर आहे बघ की. म्हाताऱ्या माणसांना जपा, हेच तर सांगतोय.”

“जपलंस हो. तिच्या प्रत्येक पावलाला पों-पों भोंगा वाजवून जपलंस.”

“संगीत माझ्या हातात नसतं.”

“पाय तर तुझ्याच हातात होता ना? तळं एवढं सुंदर रंगवलंय, पाण्यात ढगसुद्धा दिसतात. आणि त्याच्या काठावर माझ्या आईचं हसं.”

“पोरं प्रेमानं हसतात गं. आईपण हसली, मी बघितलं.”

“हसली. मग हळूच मला विचारलं, मी अशी दिसते का गं?”

“तू काय म्हणालीस?”

“नाही म्हणाले. आत खुर्चीतच बसलीय, तिला केव्हाचं बाथरूमला जायचंय. चल म्हटलं, तर म्हणते, परत अंधार होऊ दे, मग जाऊ.”