चुंबकाला चिकटलेलं नाणं

बायको: सोनार काय म्हणाला ते सरळ सांग. मघापासून नुसता पिशवीशी चाळा चाललाय तुझा.

नवरा: सगळी चांदीची आहेत.

बायको: मग तोंड का पाडलंयस? ऑनलाइन जाहिरात बघून अनोळखी बाईकडून नाणी घेतलीस, आणि नाणी खरी निघाली. मी तर तुला हसायच्या तयारीत बसले होते.

नवरा: एक खोटं निघालं होतं ना, तिथेच, त्या आजींसमोर. कडीवालं, गळ्यात घालायचं.

बायको: त्याचं काय?

नवरा: तेही चांदीचंच आहे. सोनाराने आधी कडी काढली, मग नाणं तपासलं. कडी लोखंडाची. माझं चुंबक कडीला चिकटलं होतं, नाण्याला नाही.

बायको: आणि तू त्या आजींना तोंडावर सांगून मोकळा झालास.

नवरा: सगळे नियम पाळले होते गं मी. भरदिवसा भेटायचं, बँकेच्या दारात भेटायचं, ओळखपत्र बघायचं, वजनकाटा न्यायचा, चुंबक न्यायचं...

बायको: आणि डोकं घरी ठेवायचं. आता त्या नाण्याचे पैसे देऊन टाक त्यांना.

नवरा: पैशांचंच नाही. म्हणजे, तेही आहेच. एक खोटं म्हटल्यावर बाकीच्यांचा भावही पाडला मी.

बायको: वा. चोर भेटू नये म्हणून एवढी तयारी केलीस, आणि...

नवरा: बोल की. पुरं कर.

बायको: राहू दे. तुझं तुला ऐकू आलंय.

नवरा: बाकीची त्यांच्या सासूची होती. हे एकच नवऱ्याने दिलेलं. छापखान्यात जादा पाळ्या करून. मी खोटं म्हटल्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, ‘बघा, जन्मभर गळ्यात मिरवलं मी हे.’ आणि माझ्याच हातावर ठेवलं. घरी न्यायला नको म्हणाल्या.

बायको: आणि तू घेतलंस.

नवरा: घेतलं.

बायको: फोन लाव त्यांना.

नवरा: नंबर ब्लॉक केलाय. व्यवहार झाला की करायचा, असं...

बायको: हाही नियमच का? काढ तो ब्लॉक. माझ्यासमोर लाव, स्पीकरवर.

नवरा: काय सांगू पण?

बायको: खोटं आहे म्हणताना सापडले होते ना शब्द?

(फोन लागतो.)

नवरा: आजी, मी परवा बँकेपाशी नाणी घेतली, तो.

आजी: बोला ना दादा. आणखी एखादं खोटं निघालं का?

नवरा: नाही, उलट. ते कडीवालं खरं आहे. चूक माझी झाली. चुंबक कडीला चिकटलं होतं. मी नाणं आणून देतो, भावातला फरकही देतो.

आजी: कडीला? ती तर मीच घड्याळवाल्याकडून बसवून घेतली होती. जुनी तुटली तेव्हा. यांना सांगितलंही नव्हतं.

नवरा: आजी? ऐकताय ना?

आजी: ऐकतेय. त्या दिवशी घरी येऊन फार बोलले हो मी यांना. नाही नाही ते बोलले. पारखून घेतलं होतं, एवढंच म्हणाले एकदा. तेव्हापासून ताटावर येऊन बसतात, पण माझ्याकडे बघत नाहीत.

नवरा: मी येऊन सांगू का त्यांना?

आजी: याल तेव्हा या. आत्ता फोन त्यांच्या हातात देते, तुम्हीच सांगा. मी सांगायला गेले तर त्यांना वाटेल, समजूत काढतेय.