साहेबापुढं मॅडमची चुगली

चहा होऊ द्या थंडा, आधी हे ऐका. आमच्या अड्याळकडच्या गावात मागच्या डॉक्टरनं दवाखान्यातच बाळंतपणं सुरू केली. भंडाऱ्याचे मोठे डॉक्टरसाहेब पाहाले आले, तं आम्ही त्याची लय तारीफ केली. साहेबानं त्याले भंडाऱ्याले उचलून नेलं. बाळंतपणाच्या खोलीले कुलूप लागलं, बाया पुन्हा टेम्पोत भंडाऱ्याले जाऊ लागल्या.

मग नवी डॉक्टर मॅडम आली, तिनं कुलूप उघडलं. माझ्या सुनेचे दिवस भरत आले, आन् साहेब पुन्हा चांगला डॉक्टर शोधत हजर.

"बाबाजी, मॅडम कशा आहेत?"

म्या हात जोडले. "कायच्या कशा साहेब, नुसत्या खेकसतात."

"मग राहू द्या इथंच."

मॅडम दारातच उभी होती.

नात गावातच झाली बाप्पा. मॅडमनंच तिले माझ्या हाती देली, पण माझ्याशी अजून बोलत नाही.