पुस्तकातली माणसं बघायला

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेतो. घराला घर कशानं म्हणायचं? भिंतीनं? दारानं? का दारावरच्या पाटीनं? पुढचे माना डोलावतायत, पण उत्तर कुणी देत नाही! असू द्या, गोष्टच देईल.

एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, तिथली मंडळी कीर्तनाला येतात! त्या गावात चौथीत शिकणारी एक मुलगी, कल्याणी. वडील नाहीत. आई शेवंता धुणीभांडी करायची. रस्ता रुंद झाला, त्यात भाड्याची खोली गेली. मायलेकी एस.टी. स्टँडच्या भिंतीलगत गोणपाट अंथरून राहायला लागल्या. शाळेत कुणाला पत्ता नाही. कल्याणी सकाळी नळावर तोंड धुऊन, आईकडून दोन वेण्या घट्ट घालून घेऊन वर्गात हजर. पण जिवाला घोर एकच — मैत्रिणींना कळलं तर?

आणि एके दिवशी निमगावकर बाईंनी वर्गात चित्रांचं पुस्तक उघडलं. पुलाखाली राहणारं कुटुंब, तीन दगडांची चूल, उघडी पोरं. बाई जीव ओतून वाचत होत्या. हेतू चांगला, हो, चांगलाच! पोरांना कळावं, घर नसलेलीही माणसं असतात. पण कल्याणी? तिला वाटत होतं, आता पान उलटलं की माझंच चित्र निघणार. ती मान वर करेना.

शेवटच्या पानावर शाळेतली मुलं त्या कुटुंबाला चादरी देतात. बाई म्हणाल्या, "आपणही देऊ. शनिवारी शाळा सुटली की सगळ्यांनी स्टँडवर जायचं."

स्टँडवर! मंडळी, पोरीच्या पायाखालची जमीन सरकली. घरी — म्हणजे गोणपाटावर — येऊन आईला बिलगली.

"आई, शनिवारी आपण दुसरीकडे जाऊ."

"जागा सोडली तर दुसरं कुणी बसेल, बाळा. मग कुठं टेकायचं?" शेवंतानं तिच्या सुटलेल्या वेण्या सारख्या केल्या. मग म्हणाली, "मी तुला ओळख दाखवणार नाही. तूही दाखवू नको."

ऐकलंत? आपण लग्नात कलेक्टरची नसलेली ओळख दाखवतो, आणि ही माउली पोटच्या पोरीची असलेली ओळख पुसायला निघाली.

शनिवारी पोरं रांगेनं निघाली. प्रत्येकाच्या हातात शाळेनं आणलेली एक चादर. कल्याणी रांगेच्या शेवटी. शेजारी तिची मैत्रीण हर्षाली, बडबड करत चाललेली. स्टँडवर बाई एकेकाला पुढं करू लागल्या. हातात मोबाईल तयार.

"कल्याणी, त्या भिंतीजवळच्या बाईंना तू दे. आणि इकडं बघ, फोटो काढते."

शेवंतानं पदर पुढं ओढला. दोन्ही हातांनी चादर घेतली आणि आपल्याच लेकीला म्हणाली, "देव तुमचं भलं करो, ताई."

तुमचं! ताई! सकाळी जिची वेणी घातली, तिला! कल्याणीला नाही सोसलं. ती मटकन खाली बसली, आईच्या गळ्यात पडली. "ही माझी आई आहे. आम्ही इथंच राहतो."

बाईंचा मोबाईल खाली आला. पोरं एकमेकांकडे बघतायत. कल्याणी आईच्या कुशीतून डोकं काढेना. आता पहिलं कोण हसतंय, याचीच ती वाट बघत होती.

हर्षाली पुढं आली. गोणपाटाच्या कडेशी थांबली. पायातल्या चपला काढल्या, नीट जोडीनं बाजूला ठेवल्या आणि म्हणाली, "काकू, आत येऊ?"

आत! मंडळी, तिथं आत कुठलं आणि बाहेर कुठलं? पण शेवंतानं डोळे पुसले, पदर सावरला, सरकून जागा केली. "ये, बस ना. पाणी देऊ?" मग एकेक पोर चपला काढू लागलं. सगळ्यांत शेवटी बाईंनी काढल्या.

पुस्तक सगळ्यांनीच पाहिलं होतं. उंबरठा त्या एका पोरीला दिसला.

आता तुमच्याकडे येतो. देवळात शिरताना चपला तुम्ही सगळ्यांनी काढल्यात. कुठं काढल्यात? पायरीशी एक म्हातारी सतरंजी टाकून राहते. त्या सतरंजीवर आत्ता हा एवढा ढीग आहे, आणि ती कोपऱ्यात अंग चोरून उभी आहे. टाळ थांबवा रे जरा. आरतीला वेळ आहे. आधी उठा, आणि तिच्या घरातल्या आपापल्या चपला उचला.