जयाबाईच्या मरणाला वन्समोर

न्हाय, मला येवढंच सांगा, मरणाला कुणी वन्समोर देतं व्हय? गाण्याला द्या, सोंगाड्याला धा येळा द्या... पर मरणाला? आन् तेबी माझ्या बायकूच्या!

तुमास्नी सांगतो, माझी जया प्लेगात गेली. गाव सोडून समदी माळावर झोपड्या घालून ऱ्हायल्याली, कोण कुणाच्या दारात येतंय? खांद्याला चौथा माणूस गावंना हो! म्हटलं, जिच्यासाठी कोण रडलं न्हाय तिच्यासाठी समदी निपाणी रडवतो, न्हायतर नावाचा परशराम न्हाय! तीन वर्सं खपून नाटक लिवलं. धनपालअण्णांनी तंबाकूची वखार दिली, वर म्हणाले, "खेळ दुपारी लाव बाबा. आमा जैनांस्नी दिवस मावळायच्या आत जेवाय लागतंय!" बरं अण्णा!

नाटकात जया कोण? तर त्याच वखारीतला गुंडू हमाल! मिशा काढल्या, जयाचंच लुगडं नेसला, आन् काय सांगू... झोपडीत पडून म्हणाला, "अवं, दार उगडं ठिवा, कोनतरी यील बगायला," आन् मान टाकली. सारी वखार हुंदक्यानं भरली, बायका पदरात तोंड घालून रडाय लागल्या, माझं काळीज निवलं, तवर मागनं गुंडूच्या जोडीचा हमाल, त्यो भरमू वरडतोय, "वन्समोर!" मग काय, समदीच, "वन्समोर! वन्समोर!" आरं, मरणाला कुणी...?

गुंडू उठला, पदर सारका केला, परत मेला. टाळ्या! तिसऱ्यांदा तर पयल्यापेक्षा झ्याक मेला! मी पडद्याआड शिव्या घालतोय, पर चौथ्यांदा एक ध्यानात आलं बघा... मरायच्या आदी ती उठून बसतीया! जया उठतीया, पदर सावरतीया, माझ्याकडं बघतीया... आन् माझ्याच तोंडातनं निघालं हो, "वन्समोर!"

किती येळा? कोण मोजतंय! उन्हं कलली, धनपालअण्णा उठले, "चला, दिवस चाललाय," आन् वखार रिकामी. गुंडू मेल्याला तसाच पडून, एक डोळा उघडून मला म्हणतोय, "आप्पा, माणसं जेवाय गेली. आता कुणासाठनं मरू?"

म्हटलं, "मरू नगंस रं. नुसता उठून बस."

बसला, बसला बिचारा... मग जांभई दिली, लुगडं सोडून घडी माझ्या हातात ठिवली, आन् गेला की जेवाय!