एवढंच तर काम!

...नाही, मला सांगा, यात अवघड काय होतं? साहेब दारातूनच म्हणाले, "अहो, टेकडीच्या नकाशाचे थर वेगळे करायचे, एवढंच तर काम! चहा निवायच्या आत होईल." साहेबांचं बरंय, ते चहा गरमच पितात!

तर तुम्हाला सांगतो, एका फाइलीत पाच थर. कांद्याचे पापुद्रे समजा. वर उतार, मग पाऊस, झाडं, घरं आणि सगळ्यात शेवटी माती. आणि कुठली घरं हलवायची ते ठरवणाऱ्या समितीच्या संगणकावर दिसतो फक्त पहिला! नुसता उतार पाहिला तर अख्खी टेकडी लालभडक. लाल म्हणजे दरडीचा धोका, घरं रिकामी करा. आणि टेकडीवर राहतं कोण? माझी थोरली ताई!

पण मी निर्धास्त होतो. म्हणजे... चष्मा तीनदा पुसला, पण निर्धास्त होतो. कारण भावोजी! गेली कित्येक वर्षं जेवताना, जेवल्यावर, दुसऱ्याचं जेवण चालू असताना एकच सांगतात, "खडकावर बांधलंय घर, खडकावर! पाया खणताना पहार वाकली होती!" समितीनं मातीचा थर पाहिला की ताईचं घर वाचलंच. थर वेगळे करायचे, एवढंच तर काम!

लिहिला कोड. थर उचल, फाइल कर, ठेव, पुढचा उचल. पडद्यावर उमटलं, "जतन झालं." पुन्हा, "जतन झालं." पाच वेळा! छाती फुगली हो माझी! फोल्डर उघडतो तर... एक फाइल. एकच! शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसते, आम्ही तिला मास्तरीण म्हणतो. ती मान न वळवता म्हणाली, "काका, पाचही थरांना एकच नाव दिलंत. दुसरा आला, पहिला पुसला. तिसरा आला, दुसरा पुसला."

"मग हे जतन झालं, जतन झालं काय ओरडतंय?"

"झालंच होतं की. पुसायच्या आधी."

बघा! म्हटलं, उरला कुठला? शेवटचा. माती! अहो, हवा तोच उरला! उघडला, ताईचं घर शोधलं. घराखाली पिवळं.

"मास्तरीणबाई, पिवळा म्हणजे खडक ना गं?"

"खडक निळा, काका. पिवळी म्हणजे भुसभुशीत माती."

"मग पहार कशी वाकली?"

"कसली पहार?... लागला असेल एखादा सुटा दगड."

एक दगड! एका दगडावर माणसानं आयुष्यभर जेवणं गाजवली! क्षणभर वाटलं, हाही थर पुसला गेला असता तर? पण बायको गेल्यापासून घरी मी दोन कप विसळतो आणि एकच भरतो. आणखी कुणाला घालवायची ऐपत नाही माझी. मूळ फाइल शाबूत होती. पाच थरांना पाच नावं दिली, पाच फाइली केल्या, पाठवल्या. आणि ताईला फोन लावला.

"तू? तुला कडेवर घेऊन फिरवलं मी, आणि तू मला घराबाहेर काढतोस?"

"नाही गं ताई, मी तुला घरी बोलावतोय."

मग म्हणाली, "तुझ्या भावोजींना तूच सांग." मी सांगितलं?... एवढंच तर काम!

आले दोघं. समितीनं टेकडी रिकामी केली. ताईनं बायकोचं कपाट उघडलं, म्हणाली, "यात आमचे कपडे ठेवू?" म्हटलं, "ठेव." आता तिचे, हिचे, भावोजींचे, सगळे एकाच कपाटात, कुठला कुणाचा पत्ता नाही. वेगळे करणार कोण?

आणि भावोजी? रोज सकाळी माझ्या भिंतीवर बोटानं टकटक करतात, कान लावतात आणि हळहळतात, "पाया कच्चा आहे रे तुझा. आमचं कसं, खडकावर होतं!"